ताजव्याचा उपासक

मुलांनो, जुन्या वाड्यांच्या भिंतींच्या पायथ्याशी, विशेषतः जेथे गोठ्याची ओल मुरलेली असते तेथे, पावसाळा सरल्यावर पांढरट, खारट चूर्ण फुटून आलेले तुम्ही पाहिले असेल. त्याला आपण लोणा म्हणतो. घरधनी त्याला वैतागतो. कारण लोणा लागलेली भिंत आतून पोखरली जाते. परंतु सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातील राजांचे सेवक याच चूर्णाच्या शोधात घरोघर हिंडत असत. या चूर्णात इतर क्षारांबरोबर सोरा असतो, आणि सोरा हा बंदुकीच्या दारूचा प्राण होय. कोळसा, गंधक व सोरा या तिन्हींच्या मिश्रणाने ती दारू बनते. त्यात सुमारे पाऊण हिस्सा एकट्या सोऱ्याचा. कोळसा कोठेही पाडता येतो, गंधक व्यापाऱ्याकडून विकत मिळतो. सोरा मात्र मिळेल तेथून खरवडून आणावा लागे. ज्या राजाजवळ सोरा नाही, त्याच्या तोफा म्हणजे नुसत्या पोकळ नळ्या.

फ्रान्स देशात हा सोरा जमवण्याचे आणि त्याची दारू करण्याचे काम एका रसायनशास्त्रज्ञाकडे कसे आले, त्याने ते कसे केले, आणि त्या राष्ट्राने त्याची काय परतफेड केली, ही हकीकत तुम्हांला सांगावयाची आहे. त्या शास्त्रज्ञाचे नाव आंत्वान लाव्हाझिए.

लाव्हाझिएचा जन्म पॅरिस शहरात २६ ऑगस्ट १७४३ रोजी झाला. वडील वकील होते. घरी पैशाची ददात नव्हती. तो पाच वर्षांचा असतानाच आई वारली. पुढे आजीच्या घरी, अविवाहित मावशीच्या मायेत तो वाढला. घराण्याची रीत म्हणून त्याने कायद्याची पदवी घेतली; पण मन गुंतले ते विज्ञानात. गणित व ज्योतिष तो लाकाय यांच्याकडे शिकला, भूगर्भशास्त्र गेतार यांच्याकडे, आणि रसायनशास्त्र रुएल यांच्या व्याख्यानांतून. पॅरिसचे रस्ते रात्री उजळावेत कसे, या विषयावर त्याने लिहिलेल्या निबंधाबद्दल १७६६ मध्ये त्याला राजाकडून सुवर्णपदक मिळाले. तेव्हा तो तेवीस वर्षांचाही झालेला नव्हता. दोनच वर्षांनी तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला.

याच १७६८ साली त्याने आणखी एक पाऊल उचलले. फ्रान्सचा राजा मीठ, तंबाखू इत्यादींवरील कर स्वतः वसूल न करता त्याचा इजारा धनिकांच्या एका मंडळाला देत असे. मंडळाने राजाला ठरलेली रक्कम द्यावी व मग प्रजेकडून वसुली करून आपला नफा काढावा, अशी ती पद्धत. या इजाऱ्यात लाव्हाझिएने भाग विकत घेतला. मिठावरील कर म्हणजे काय, हे आपल्या लोकांना निराळे सांगावयास नको. गरिबाच्या ताटातील चिमूटभर मिठावर जो पैसा घेतो त्याला कोणीही दुवा देत नाही. फ्रान्समध्ये या इजारदारांचा लोक मनापासून द्वेष करीत. लाव्हाझिएला तेथून उत्पन्न भरपूर मिळे, आणि त्यातील बराच पैसा त्याने प्रयोगशाळेच्या उपकरणांवर खर्च केला, हे खरे. परंतु तो पैसा कोठून येत होता, हेही विसरता येत नाही.

एका इजारदाराच्याच मुलीशी, मारी-आन पोल्झ हिच्याशी, १७७१ मध्ये त्याचा विवाह झाला. त्या वेळी तिला चौदावे वर्ष चालू होते. ही मुलगी असामान्य बुद्धीची निघाली. नवऱ्याला इंग्रजी येत नव्हते, म्हणून तिने इंग्रजी शिकून शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करून दिली. चित्रकलेचे धडे घेऊन त्याच्या उपकरणांच्या आकृत्या तिने स्वतःच्या हाताने काढल्या. प्रयोग चालू असताना ती बाजूला टेबलाशी बसून नोंदी लिहीत असे.

आता लाव्हाझिएच्या प्रयोगांची रीत पाहू. त्या काळी अनेक विद्वान समजत, की पाणी पुष्कळ वेळ आटवले तर त्याची माती होते. कारण आटवलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ दिसतोच. लाव्हाझिएने काचेचे एक बंद पात्र घेतले. आधी पात्र तोलले, पाणी तोलले, आणि ते पाणी एकशे एक दिवस सतत तापत ठेवले. गाळ दिसू लागला. मग त्याने सारे पुन्हा तोलले. पाण्याचे वजन होते तेवढेच राहिले होते. पात्राचे मात्र घटले होते. म्हणजे गाळ पाण्याचा नव्हे, काचेचा होता! शेकडो वर्षांचा समज एका ताजव्याने खोटा ठरवला. प्रयोगाच्या आरंभी जेवढे द्रव्य असेल तेवढेच शेवटी असले पाहिजे. कमी भरले तर ते कोठे गेले, जास्त भरले तर कोठून आले, हे शोधावयाचे. एखाद्या दक्ष कारकुनाने जमाखर्च मिळवावा तसा तो निसर्गाचा जमाखर्च मिळवीत असे.

इतके सांगून आपण सोऱ्याकडे वळू. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात फ्रान्सचा मोठा पराभव झाला. त्या युद्धात फ्रेंच सैन्याला दारूची वाण पडली होती. दारू पुरवण्याचे काम एका खाजगी कंपनीकडे मक्त्याने दिलेले होते. करारात ठरलेले वजन पुरवले की तिचे काम संपे. देशाची गरज किती, हे पाहण्याचे तिला कारण नव्हते. दुसरीकडे, ज्या देशात सोरा सर्वांत मुबलक, तो हिंदुस्थान फ्रेंचांच्या हातून निसटत होता. बिहार प्रांतात उन्हाळ्यात जमिनीवर सोरा आपोआप फुटून येतो, आणि नोनिया जातीचे लोक तो गोळा करून उकळून शुद्ध करीत. प्लासीच्या लढाईनंतर पुढच्याच वर्षी, १७५८ मध्ये, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. इंग्रजांची गलबते सोऱ्याने भरून जाऊ लागली आणि फ्रेंचांना आपल्या घरच्या भिंती खरवडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

भिंती खरवडण्याची ही रीतही जुलमाची होती. सोरा काढणाऱ्यांना राजाज्ञेने असा हक्क होता, की त्यांनी कोणाच्याही तळघरात, गोठ्यात शिरावे, जमीन खणावी, माती न्यावी. घरमालकाने निमूटपणे पाहत राहावयाचे, किंवा लाच देऊन त्यांना शेजाऱ्याच्या दारी पाठवावयाचे!

१७७४ मध्ये त्यूर्गो हा विचारी गृहस्थ फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. त्याने त्या खाजगी कंपनीचा मक्ता मोडला आणि १७७५ मध्ये दारूचे खाते सरकारच्या ताब्यात घेऊन त्यावर चार अधिकारी नेमले. त्यांपैकी एक लाव्हाझिए होता. पुढील वर्षी तो पॅरिसच्या शस्त्रागारात राहावयास गेला. सेन नदीच्या काठी, बास्तीय किल्ल्याजवळ ही जागा होती. तेथेच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली, आणि थोड्याच काळात साऱ्या युरोपातील विद्वानांची पावले तिकडे वळू लागली.

नव्या अधिकाऱ्याने पहिली गोष्ट केली ती तोलण्याची. कोणत्या प्रांतातील मातीत सोरा किती, एका घाण्यातून निघतो किती, वाया जातो किती, याचा हिशेब त्याने मांडला. १७७७ मध्ये तो स्वतः तूरेन व सँतोंझ या प्रांतांत हिंडला आणि तेथील मऊ, चुनखडीच्या दगडांत सोरा असल्याचे त्याने पडताळून पाहिले. सोरा काढणारे कारागीर धुऊन काढलेल्या द्रावात राख अंदाजाने घालीत. त्यामुळे पुष्कळ द्रव्य अशुद्ध राही किंवा फुकट जाई. राखेतील पोटॅश क्षार योग्य प्रमाणात घातल्याने काय साधते, हे त्याने दाखवून दिले. शेणमूत, चुनखडी व माती यांचे ढीग रचून सोरा मुद्दाम पिकवता येतो. तो कसा पिकवावा, याविषयी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सोप्या भाषेत एक पुस्तिका छापून देशभर वाटली. अकादमीने या विषयावर बक्षीस लावले. लोकांच्या घरात त्यांच्या संमतीवाचून शिरून खणण्याच्या हक्काला आळा घालण्यात आला, आणि तरीही सोऱ्याचे उत्पन्न घटले नाही, उलट वाढत गेले! जुलूम कमी करून माल वाढवता येतो, हे राज्यकर्त्यांना सहसा पटत नाही. येथे ते आकड्यांनी सिद्ध झाले.

काही वर्षांतच फ्रान्सची दारू युरोपातील उत्तम दारूंत गणली जाऊ लागली. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले तेव्हा त्यांच्याजवळ दारूचा दुष्काळ होता. ती फ्रान्सने पुरवली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यात आपल्या खात्याचाही वाटा आहे, असा अभिमान लाव्हाझिएने पुढे लिहून ठेवला आहे, आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

या साऱ्या कामातून शास्त्राला वेळ कसा मिळे? त्याने दिवस वाटून घेतला होता. सकाळी सहा ते नऊ व रात्री सात ते दहा हे तास प्रयोगांचे. मधला सर्व वेळ कचेऱ्यांचा. आठवड्यातून एक दिवस मात्र संपूर्णपणे प्रयोगशाळेचा.

याच काळात त्याचे सर्वांत मोठे कार्य घडले. वस्तू जळते तेव्हा तिच्यातून ज्वलनतत्त्व नावाचे काहीतरी बाहेर पडते, असे त्या वेळचे रसायनशास्त्रज्ञ मानीत. काही बाहेर पडत असेल तर वजन घटावयास हवे. परंतु गंधक किंवा फॉस्फरस जाळून लाव्हाझिएने पाहिले तो वजन वाढलेले! १७७४ च्या ऑक्टोबरात प्रीस्टली नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ पॅरिसला आला होता. पाऱ्याच्या लाल भस्मातून आपल्याला एक वायू मिळाला असून त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते, असे त्याने लाव्हाझिएच्या घरी भोजनाच्या वेळी सांगितले. लाव्हाझिएने तो धागा उचलला. बकपात्रात पारा घालून, बंदिस्त हवेच्या सान्निध्यात, तो बारा दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भस्म जमले आणि हवेचा सुमारे सहावा हिस्सा नाहीसा झाला. ते भस्म अधिक तापवताच जवळजवळ तेवढाच वायू परत मिळाला. जमाखर्च मिळाला! ज्वलन म्हणजे काही बाहेर पडणे नव्हे. हवेतील या वायूशी वस्तूचा संयोग होणे. त्या वायूला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो. प्रीस्टलीचे ऋण मात्र त्याने मोकळेपणाने मान्य केले नाही. इतक्या थोर माणसाला तेवढे औदार्य शोभले असते.

मुलांनो, दारूच्या पिंपात हवा शिरावयास जागा नसते, तरी दारू क्षणार्धात भडकते, ती कशी? सोऱ्याच्या पोटातच ऑक्सिजन कोंडलेला असतो. कोळसा व गंधक यांना जळण्यासाठी बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे ज्वलनाचा शोध आणि दारूखान्याची नोकरी ही लाव्हाझिएची दोन निराळी कामे नव्हती. एकाच विद्येची ती दोन दालने होती. १७८९ मध्ये त्याने रसायनशास्त्राचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तेहतीस मूलद्रव्यांची यादी दिली आणि नव्या रसायनशास्त्राचा पाया घातला.

ही विद्या धोक्याची होती. पॅरिसजवळ एसोन येथे दारूचा सरकारी कारखाना होता. एल्युतेर इरेने द्यू पाँ हा सोळा-सतरा वर्षांचा तरुण लाव्हाझिएच्या ओळखीने तेथे काम शिकत असे. लाव्हाझिएचा मित्र बर्तोले याने पोटॅशियम क्लोरेट नावाचा एक नवा क्षार शोधून काढला होता. सोऱ्याऐवजी तो वापरल्यास दारू अधिक जोरदार होईल, अशी कल्पना निघाली. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोन येथे प्रयोग ठरला. लाव्हाझिए, त्याची पत्नी, बर्तोले व इतर काही जण सकाळीच आले. मिश्रण कुटण्याचे काम सुरू झाले. मध्ये फराळासाठी सर्व उठले. फराळ आटोपून परतताना कारखान्याचा संचालक व एक तरुणी ही दोघे इतरांच्या पुढे निघून गेली. तेवढ्यात प्रचंड स्फोट झाला. त्या दोघांचे प्राण गेले. मागे राहिलेले काही क्षणांच्या अंतराने वाचले. आज हाच क्षार आगपेटीतील काडीच्या गुलात असतो.

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १२ जुलै १७८९ च्या रात्री शस्त्रागारातील दारू शेजारच्या बास्तीय किल्ल्यात हलवण्यात आली होती. १४ जुलै रोजी लोकांनी बास्तीयवर हल्ला केला, त्यामागे ही दारू मिळवण्याचाही हेतू होता. ऑगस्टच्या प्रारंभी लाव्हाझिएच्या खात्याने हलक्या प्रतीची दारू नावेत भरून बाहेर पाठवावयास काढली. चांगल्या दारूसाठी कोठारात जागा व्हावी, एवढाच उद्देश. परंतु शहरात वार्ता पसरली, की शस्त्रागाराचे अधिकारी लोकांची दारू शत्रूला देत आहेत. संतप्त जमाव जमला. लाव्हाझिए व त्याचा एक सहकारी यांना नगरभवनात नेण्यात आले. त्याने शांतपणे सर्व हकीकत समजावून दिली आणि त्यांची सुटका झाली. पण त्या दिवशी मृत्यू त्यांना चाटून गेला. ती हलकी दारू आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणार होती, आणि तेथे तिच्या मोबदल्यात गुलाम म्हणून माणसे खरेदी केली जात. त्या व्यापाराविषयी जमावाची तक्रार नव्हती, अधिकाऱ्यांचीही नव्हती. आज वाचताना ती गोष्ट मनाला टोचते.

लाव्हाझिए क्रांतीचा शत्रू नव्हता. नव्या राजवटीत तो राष्ट्राच्या खजिन्याचा एक अधिकारी झाला. देशभर एकच वजने-मापे असावीत म्हणून जी समिती नेमली, तिच्यात त्याने काम केले. १७९३ च्या आरंभी आयुई या धर्मगुरू शास्त्रज्ञाबरोबर त्याने पाण्याच्या ठराविक आकारमानाचे वजन अतिशय काटेकोरपणे ठरवले. त्याच पद्धतीतून निघालेला किलोग्रॅम आज आपल्या वाण्याच्या दुकानात आहे. परंतु इजारदार हा डाग पुसला गेला नाही. चोरटा माल रोखण्यासाठी इजारदारांनी पॅरिसभोवती एक भिंत बांधली होती. ती कल्पना लाव्हाझिएचीच. पॅरिसकरांना ती तुरुंगाच्या भिंतीसारखी वाटे. मारा नावाच्या क्रांतिकारक पत्रकाराने त्याच्यावर जहरी टीका केली. या माराचे अग्नीविषयीचे संशोधन पूर्वी अकादमीने मानले नव्हते, ही सल त्याच्या मनात होती. १७९२ च्या ऑगस्टमध्ये लाव्हाझिएला शस्त्रागारातील घर व ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढील वर्षी अकादमीच बंद करण्यात आली.

२४ नोव्हेंबर १७९३ रोजी सर्व इजारदारांच्या अटकेचा हुकूम सुटला. लाव्हाझिए चार दिवस लपून राहिला. मग सासऱ्यासह तो स्वतः होऊन हजर झाला. आयुई व बोर्दा या दोघांनी वजन-माप समितीच्या कामासाठी त्याला सोडावे, असा लेखी अर्ज केला. त्या भीतीच्या दिवसांत असा अर्ज करण्यास छाती लागे. अधिक वजन असलेल्या काही जुन्या सहकाऱ्यांनी मात्र मौन पत्करले.

याच हिवाळ्यात फ्रान्स चोहोंकडून शत्रूंनी वेढलेला होता. सैन्याला दारू हवी होती; दारूला सोरा हवा होता. १७९४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशाच्या प्रत्येक जिल्ह्यातून माणसे पॅरिसला बोलावून त्यांना सोरा काढणे, दारू बनवणे व तोफा ओतणे यांचे जलद शिक्षण देण्यात आले. शिकवणाऱ्यांत बर्तोले होता, फुर्क्रवा होता, गीताँ होता. तिघेही लाव्हाझिएबरोबर काम केलेले. घरोघरची तळघरे पुन्हा खणली जाऊ लागली. आणि जो मनुष्य सतरा वर्षे या विद्येवर खपला होता, तो त्याच शहरात बंदिवान होऊन इजाऱ्याचे जुने हिशेब पुरे करीत होता. उरलेल्या वेळात तो आपल्या शास्त्रीय निबंधांची मुद्रिते तपासत असे.

८ मे १७९४ रोजी क्रांतिन्यायालयापुढे खटला उभा राहिला. तंबाखूत जास्त पाणी मिसळले, व्याज गैरवाजवी घेतले, असे आरोप होते. लाव्हाझिएने राष्ट्राची केलेली सेवा नमूद करणारे एक निवेदनही सादर झाले होते. त्याचा उपयोग झाला नाही. प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही, अशा अर्थाचे बोल न्यायाधीशाच्या तोंडी घातले जातात. परंतु तसे तो बोलल्याचा समकालीन पुरावा नाही. त्याच दिवशी अठ्ठावीस जणांचा गिलोटिनने शिरच्छेद झाला. तिसरा क्रम लाव्हाझिएच्या सासऱ्याचा होता, चौथा लाव्हाझिएचा. त्याचे वय पन्नास वर्षांचे होते.

इजारदार म्हणून त्याच्याकडून जाब घेणे गैर होते, असे मी म्हणणार नाही. पण जाब घेणे निराळे आणि एका दिवसात अठ्ठावीस माणसांचा निवाडा करणे निराळे. ज्याने आयुष्यभर गुंजागुंजेचा हिशेब ठेवला, त्याचा स्वतःचा हिशेब मात्र कोणी धड तपासला नाही. ऑगस्टच्या ३१ तारखेस पॅरिसमधील ग्रनेल येथील दारूचा नवा, घाईने वाढवलेला कारखाना उडाला आणि शेकडो कामगार मृत्युमुखी पडले.

मारी-आनचे पती व पिता एकाच दिवशी गेले. घरदार, ग्रंथ, उपकरणे सारे जप्त झाले. ती स्वतः काही काळ तुरुंगात होती. पुढे राजवट बदलल्यावर मालमत्ता परत मिळाली. तुरुंगात अपुरे राहिलेले पतीचे निबंध तिने १८०५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते विकले नाहीत; निरनिराळ्या शास्त्रज्ञांना भेट म्हणून पाठवले. ती १८३६ पर्यंत जगली.

एसोनच्या कारखान्यात शिकणारा तो तरुण, द्यू पाँ, शतकाच्या अखेरीस आपल्या कुटुंबासह अमेरिकेस गेला. तेथील दारू त्याला अगदी हलक्या प्रतीची आढळली. १८०२ मध्ये त्याने डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीच्या काठी स्वतःचा कारखाना उभारला, आणि एसोनला शिकलेल्या रीतीने तेथे दारू बनू लागली.